मॅनेजमेंट साइडचा वकील: मुंबईत लेबर प्रॅक्टिस सुरू करणाऱ्यांसाठी

मुंबईच्या लेबर कोर्टांत वकिलाची ओळख दोनच शब्दांत होते: हा युनियन साइडचा, तो मॅनेजमेंट साइडचा. दोन्हीकडची कामं घेणारे असतात, पण थोडे. हा लेख दुसऱ्या बाजूला जाऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. कंपन्या, कारखाने, हॉस्पिटलं, शाळा, दुकानदार अशा सगळ्या मालकवर्गाला नोकरीच्या कायद्यावर सल्ला देणं, त्यांची पत्रं तपासणं आणि वेळ आली की कोर्टात त्यांच्या वतीने उभं राहणं, असं हे काम.

घरच्यांचा प्रश्न आधी निकालात काढू. लालबाग-परळमध्ये ज्यांच्या आजोबांनी गिरणीत पाळ्या केल्या, त्यांच्या घरात कधीतरी विचारलं जातंच, "म्हणजे तू शेठच्या बाजूने?" मालकाला वेळेवर कायदा सांगणारं कोणी असेल तर अनेक बडतर्फ्या मुळात होतच नाहीत, असं माझं उत्तर असतं आणि ते खरं आहे. पण पुण्यकर्माचं सोंगही आणू नका. फी मालक देतो, आणि एखाद्या दिवशी न पटणारी बाजू मांडावी लागते. ते झेपणार नसेल तर युनियन साइडला चांगल्या वकिलांची कायम चणचण असते, तिकडे जरूर जा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. कोर्टापर्यंत पोचलेल्या बहुतेक प्रकरणांत मालक हरलेला असतो तो कोर्टाची पायरी चढण्याआधी, रागाच्या भरात पाठवलेल्या एखाद्या पत्रात. ते पत्र जाण्याआधी तुमच्यापर्यंत यावं, यासाठीच तुम्ही आहात.

पायरी पहिली: सनद

हे थोडक्यात. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा एलएलबी, त्यासाठी राज्याची एमएच-सीईटी. राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचं तर क्लॅट ही प्रवेश परीक्षा. मग महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा. नोंदणीच्या नावाखाली वाटेल तेवढे पैसे घेता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं: खुल्या वर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये, ही वकील कायद्यातलीच मर्यादा.

कॉलेज कोणतं यापेक्षा शेवटच्या वर्षांत तुम्ही कुठे बसलात हे महत्त्वाचं ठरतं. वेळ असेल तर परळच्या नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेतल्या अभ्यासक्रमांकडे बघा. ज्यांच्या नावाने ती आहे त्या लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली होती. तिथे भेटणारे विद्यार्थी उद्याचे एचआर मॅनेजर आणि सरकारी कामगार अधिकारी असतात, म्हणजे पुढे टेबलाच्या पलीकडे बसणारी माणसं.

पायरी दुसरी: पहिली वर्षं कुठे काढायची

दारं तीन आहेत. लेबर प्रॅक्टिस करणाऱ्या सीनियरचं चेंबर, मोठ्या लॉ फर्मचा एम्प्लॉयमेंट विभाग, किंवा कंपनीच्या एचआर-आयआर (मनुष्यबळ आणि औद्योगिक संबंध) खात्यात नोकरी. फर्ममध्ये पगार बरा, इंग्रजी ड्राफ्टिंग पक्कं होतं, परदेशी कंपन्यांची कामं बघायला मिळतात. पण तिथला ज्युनियर कामगाराचं तोंड न बघता वर्षानुवर्षं टर्मिनेशन लेटर लिहू शकतो. म्हणून माझं मत ठाम आहे: आधी चेंबर, मग हवं तर फर्म. चेंबरमध्ये सुरुवातीचा मोबदला कमी असतो, काही ठिकाणी तर लोकलचा पास आणि जेवण निघालं तरी नशीब. विरार किंवा बदलापूरहून येणाऱ्याला हे परवडतं का, हा खरा प्रश्न आहे. त्यामुळे रुजू होण्याआधी स्टायपेंड किती, स्वतःची कामं घेता येतील का आणि कोर्टात बोलायला कधी मिळेल, हे तोंडावर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

चेंबरमध्ये शिकायचं ते कायद्याच्या पुस्तकात नसतं. रोजनामा (खटल्यात त्या त्या तारखेला काय झालं त्याची नोंद) वाचणं, कागदांवर निशाणी क्रमांक बरोबर टाकणं, तारीख मागताना पुरसिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) द्यायची की अर्ज, नकलेचा अर्ज कुठल्या खिडकीवर, कोणत्या शिरस्तेदाराकडे कोणती फाइल. भूगोलही पाठ करा. औद्योगिक न्यायालय वांद्रे पूर्वेला चेतना कॉलेजजवळच्या प्रशासकीय इमारतीत, कामगार आयुक्तांचं कामगार भवन बीकेसीत, पीएफचं ऑफिस वांद्रे पूर्वेलाच, ईएसआयसीचं (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचं) पंचदीप भवन लोअर परळला एन. एम. जोशी मार्गावर. रिट आलं की फोर्टात हायकोर्ट.

आणि मराठी. मोठमोठ्या शाळांतून आलेले ज्युनियर शॉप फ्लोअरवरून आलेला हस्तलिखित तक्रारअर्ज हातात घेऊन बसतात आणि शेवटी प्यूनला वाचायला सांगतात. कामगाराचा जबाब, पाळीचं रजिस्टर, युनियनचं पत्रक, साक्षीदाराचं बोलणं हे सगळं मराठीत किंवा मराठी-हिंदीच्या मिश्रणात असतं. उलटतपासात साक्षीदार "तसं काय नाय साहेब" म्हणतो तेव्हा तो नाकारतोय की टाळतोय, हे ज्याला कळतं तो पुढचा प्रश्न बरोबर विचारतो.

पायरी तिसरी: कायद्यांचा ढीग कुठून उपसायचा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत गेले. वेतन संहिता २०१९ ची, बाकी तीन म्हणजे औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा २०२० च्या. नव्या माणसाला ही मोठी संधी आहे, कारण या विषयात तीस वर्षं प्रॅक्टिस केलेला सीनियर आणि तुम्ही एकाच पानावर आहात. पण जुना औद्योगिक विवाद कायदा १९४७ फेकून देऊ नका. आधीच्या घटनांचे खटले त्यावरच चालतात, आणि नव्या संहितेतले बरेचसे शब्द जुन्या निवाड्यांतूनच समजतात.

क्लायंट सगळ्यात जास्त विचारतात त्या बदलांपासून सुरुवात करा. पगाराची व्याख्या: भत्त्यांसारखे वगळलेले घटक एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांवर गेले तर वरची रक्कम पुन्हा वेतनात धरली जाते, त्यामुळे बेसिक छोटं ठेवून पीएफ आणि ग्रॅच्युइटी वाचवायची जुनी युक्ती आता चालत नाही. नोकरी गेली किंवा सोडली की देय वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यायचं. फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी करण्याची सवय लागलेल्या एचआरला हे दोनदा समजावून सांगावं लागतं. ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला एका वर्षाच्या सेवेवर ग्रॅच्युइटी. कामगार कपात किंवा आस्थापन बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागण्याची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेली. संपाआधी १४ दिवसांची नोटीस, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. प्रत्येक मुद्द्यावर सल्ला देताना केंद्राचे आणि राज्याचे नियम त्या दिवशी कोणत्या टप्प्यावर आहेत ते राजपत्रात बघा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्यांवर विसंबून मत देऊ नका.

आता संहिता वाचून थांबणारा वकील मुंबईत कुठे अडखळतो ते बघा. महाराष्ट्राचे स्वतःचे कायदे आहेत. १९७१ चा कामगार संघांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा, ज्याला कोर्टात सगळे नुसतं 'एमआरटीयू-पल्प' म्हणतात, तो संहितेने रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत नाही. मॅनेजमेंटच्या वकिलाची झोप उडवणारा हाच कायदा. कामगार किंवा युनियन ९० दिवसांत तक्रार करते, कलम ३०(२) खाली अंतरिम आदेश मागते, आणि शेवटचं पत्र निघण्याआधीच बडतर्फीला स्टे मिळू शकतो. परिशिष्ट ४ ची दहा कलमं पाठच करा. पहिलं सूडबुद्धीने किंवा खोट्या आरोपावर काढण्याबद्दल, सहावं वर्षानुवर्षं बदली कामगार (दुसऱ्याच्या जागी येणारा) किंवा हंगामी म्हणून राबवून कायम न करण्याबद्दल, नववं करार न पाळण्याबद्दल. बचावाची बाजूही शिका. कंत्राटी कामगार मुळात कंपनीचा आहे की नाही यावरच वाद असेल, तर तो वाद या कायद्याखालच्या तक्रारीत सोडवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सिप्ला विरुद्ध महाराष्ट्र जनरल कामगार युनियन या प्रकरणात म्हटलं. हा निवाडा इथे रोज कुठल्या ना कुठल्या कोर्टात वाचला जातो.

शिवाय ओझं उचलणाऱ्या कामगारांसाठी १९६९ चा माथाडी कायदा, १९८१ चा खासगी सुरक्षारक्षक कायदा, २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा, खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आणि त्याचं स्वतंत्र शाळा न्यायाधिकरण. भिवंडीत गोदाम घेणाऱ्या कंपनीला माथाडी मंडळाबद्दल कोणी सांगितलंच नाही, असं सर्रास घडतं. बंगळुरूहून आलेलं कॉन्ट्रॅक्ट छान बांधलेलं असतं, पण माल उतरवायच्या दिवशी गाडी फाटकावर उभी राहते.

लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा वेगळा ठेवून वाचा. विशाखा प्रकरणातल्या १९९७ च्या निर्देशांमधून तो आला. दहा किंवा अधिक कर्मचारी असले की अंतर्गत समिती लागते, तक्रार साधारण तीन महिन्यांत, चौकशी ९० दिवसांत. समितीपुढे पक्षकारांना वकील आणता येत नाही, त्यामुळे तुमचं काम समितीला प्रक्रिया समजावण्यापुरतं. निष्कर्ष सुचवायच्या भानगडीत पडू नका. काही वकील त्याच कंपनीच्या समितीवर बाहेरचे सदस्य म्हणूनही बसतात आणि पुढे तिचाच बचावही करतात. मला ते अजिबात रुचत नाही.

पायरी चौथी: फोन आल्यावर काय विचारायचं

शुक्रवारी संध्याकाळी एचआरचा फोन येतो: "याला आजच काढायचंय, एक लेटर करून द्या." लगेच ड्राफ्ट उघडू नका. आधी प्रश्न.

तो नेमकं काम काय करतो? हुद्दा विचारू नका, काम विचारा. कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर' लिहिलेला माणूस दिवसभर बिलं एंटर करत असेल तर कायद्याच्या नजरेत तो कामगार असू शकतो. पर्यवेक्षकाच्या बाबतीत पगारही बघावा लागतो, संहितेत ती रेघ महिना १८,००० रुपयांवर आहे. मग सेवा किती, मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरलेत का? कायम, हंगामी, ठरावीक मुदतीचा की कंत्राटदाराचा? स्थायी आदेश (आस्थापनेतल्या नोकरीच्या शर्तींचे लेखी नियम) आहेत का, असतील तर कंपनीचे स्वतःचे प्रमाणित की सरकारी नमुन्याचे मॉडेल? युनियन आहे का, मान्यताप्राप्त आहे का, त्या माणसाचं युनियनमध्ये काय पद आहे? एखादा वाद आधीच प्रलंबित आहे का? त्याने गेल्या काही महिन्यांत कुठे तक्रार केली आहे का, पीएफबद्दल, सुरक्षेबद्दल, साहेबाबद्दल? काढायची ती बाई असेल तर ती गरोदर आहे का?

शेवटचे दोन प्रश्न विचारल्यावर पलीकडे जी शांतता पडते ती नीट ऐका. बहुतेक वेळा प्रकरणाचं मूळ तिथेच असतं.

आणि एकूण कामगार किती, हे नुसतं त्या ऑफिसपुरतं विचारू नका. एस. जी. केमिकल्स प्रकरणात कंपनीने चर्चगेटचं विक्री ऑफिस बंद केलं. तिथली माणसं मोजली तर परवानगीची गरज नव्हती. पण ते ऑफिस आणि ट्रॉम्बेचा कारखाना एकमेकांवर अवलंबून असलेलं एकच आस्थापन आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ठरवलं, आकडा शंभरावर गेला आणि बंदी बेकायदा ठरली. आज मर्यादा ३०० असली तरी मोजणीचा धडा जुनाच.

पायरी पाचवी: चौकशी, म्हणजे या धंद्याचा कणा

गैरवर्तनासाठी काढायचं तर खात्यांतर्गत चौकशी हवी. सगळ्यांना हे माहीत असतं, पण नीट करणारे थोडे. इथे घाई केली की पुढची दहा वर्षं ती फाइल तुमच्या कपाटात राहते.

सुरुवात आरोपपत्राआधी होते. घटना ज्याने पाहिली त्याचा जबाब त्याच दिवशी, त्याच्याच भाषेत, त्याच्याच शब्दांत घ्या. आरोपपत्रात तारीख, वेळ, जागा, मशीन, पाळी आणि स्थायी आदेशाचं नेमकं कलम. "आपण वरिष्ठांशी उद्धट वर्तन केले" हे वाक्य निरुपयोगी आहे. शिवी दिली असेल तर शिवी जशीच्या तशी लिहावी लागते. नवीन ज्युनियर लाजतात आणि फुल्या मारतात, मग समोरचा वकील कोर्टात विचारतो की नक्की काय बोलला होता, आणि मॅनेजमेंटच्या साक्षीदाराला आठवत नाही. आरोपपत्र कामगाराला कळणाऱ्या भाषेत द्या. इंग्रजीच द्यायचं असेल तर सोबत मराठी किंवा हिंदी प्रत द्या आणि पोच घ्या.

निलंबित केलं तर निर्वाह भत्ता सुरू: पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के, चौकशी कामगाराच्या चुकीशिवाय लांबली तर पुढे ७५ टक्के. भत्ता थकवून चौकशी रेटणं म्हणजे समोरच्याच्या हातात आयता मुद्दा देणं. चौकशी अधिकारी असा हवा की ज्याने घटना पाहिली नाही, तक्रार केली नाही आणि ज्याची बढती तक्रारदाराच्या हातात नाही. कामगाराला कागदांच्या प्रती, साक्षीदारांची यादी, उलटतपासाची पुरेशी संधी, सहकारी किंवा युनियन पदाधिकाऱ्याची मदत. मॅनेजमेंटची बाजू मांडायला कायदा शिकलेला माणूस बसवलात, तर कामगारालाही वकील मागता येतो. १९८३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. म्हणून मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह म्हणून स्वतः जाऊन बसण्याचा मोह टाळा, खात्यातल्याच कोणाला तरी तयार करा.

अहवाल आल्यावर त्याची प्रत द्यायची, त्यावर म्हणणं मागायचं आणि मगच शिक्षा ठरवायची. शिक्षा आरोपाला साजेशी हवी. वीस वर्षं स्वच्छ नोकरी केलेल्याला एका झोपेच्या डुलकीवर बडतर्फ केलं की कोर्ट ती शिक्षा कमी करतं. आणि "तो येतच नाही, आम्ही नाव कमी केलं" ही सगळ्यात महाग सबब आहे. न येणाऱ्यालाही नोटीस आणि चौकशी लागते, हे डी. के. यादव प्रकरणापासून म्हणजे १९९३ पासून ठरलेलं आहे.

कोर्टात गेल्यावरची एक खबरदारी, जी मोठमोठ्यांच्या लेखी म्हणण्यातून निसटते: चौकशी सदोष ठरलीच, तर आरोप कोर्टापुढे पुराव्याने सिद्ध करण्याची संधी द्यावी, अशी विनंती पहिल्याच लेखी म्हणण्यात घाला. मागाहून मागितली तर मिळेलच असं नाही. क्लायंटला मागील वेतनाचा, म्हणजे काढल्यापासूनच्या काळाचा पगार द्यावा लागण्याचा, धोकाही आकड्यात सांगा. बेकायदा काढलेल्याला सामान्यतः पूर्ण मागील वेतन मिळावं, असा कल दीपाली गुंडू सुरवसे प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाखवला. महिन्याचा पगार गुणिले खटल्याची वर्षं, एवढा गुणाकार कागदावर करून दाखवला की मालकाचा राग अर्धा उतरतो.

पायरी सहावी: करार आणि पत्रं

नेमणूकपत्र सगळ्यांना एकच छापील देऊ नका. फिटर, मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह आणि सीएफओ यांना लागणारे कायदेच वेगळे आहेत. बदलीचं कलम, प्रोबेशन आपोआप संपतं की लेखी कायम करावं लागतं, नोटीस कालावधी, निवृत्तीचं वय, एवढं स्पष्ट असलं तरी निम्मी डोकेदुखी टळते.

नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाऊ नये, हे कलम प्रत्येक क्लायंटला हवं असतं. करार कायदा १८७२ च्या कलम २७ पुढे ते टिकत नाही, हे स्पष्ट सांगा. नोकरीच्या मुदतीतलं बंधन मात्र चालू शकतं. कल्याणच्या रेयॉन कारखान्यातले निरंजन शंकर गोलीकरी पाच वर्षांचा करार मध्येच सोडून कोट्याच्या स्पर्धक कंपनीत गेले, तेव्हा त्या मुदतीपुरता मनाई हुकूम सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये कायम ठेवला. बाँडबद्दलही विचारणा होते. ठरलेल्या मुदतीआधी सोडल्यास दोन लाख रुपये, हे विजया बँकेचं कलम २०२५ मध्ये टिकलं, पण ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च दाखवता आला होता. अंधेरीच्या स्टार्टअपने चार दिवसांच्या ट्रेनिंगवर पाच लाखांचा बाँड लिहून घेतला तर त्याला हाच निवाडा दाखवून खोटी आशा लावू नका.

पायरी सातवी: युनियनसमोर बसणं

समेट अधिकाऱ्यापुढच्या (मालक-कामगार वाद मिटवायला सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढच्या) कार्यवाहीत वकिलाला पक्षकाराचं प्रतिनिधित्व करता येत नाही. औद्योगिक विवादात लेबर कोर्टात किंवा न्यायाधिकरणात उभं राहायलाही समोरच्याची संमती आणि कोर्टाची परवानगी लागते. जुन्या कायद्यात होतं, नव्या संहितेतही आहे. त्यामुळे तुम्ही पडद्यामागे तयारी करता: मागणीपत्रकातल्या प्रत्येक मागणीचा वर्षाचा खर्च काढायचा, आसपासच्या कारखान्यांतले करार गोळा करायचे, आणि कुठे सोडता येईल ते मालकाकडून आधीच वदवून घ्यायचं. समेट अधिकाऱ्यापुढे झालेला करार आस्थापनेतल्या सगळ्यांना बांधतो, खासगीत झालेला फक्त सही करणाऱ्यांना. जुनी माणसं पहिल्याला जुन्या कायद्याच्या कलम १२(३) वरून अजून 'ट्वेल्व्ह-थ्री' म्हणतात. कलमांचे आकडे बदलले, फरक राहिला.

या शहरात मॅनेजमेंटच्या वकिलाने १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप अभ्यासायलाच हवा. मुंबई औद्योगिक संबंध कायदा १९४६ प्रमाणे गिरण्यांत वाटाघाटींचा हक्क प्रातिनिधिक युनियनचा, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा होता. अडीच लाखांच्या आसपास कामगार मात्र कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांमागे उभे होते. मालकांकडे कायदा होता: ज्यांच्याशी बोलायला हवं होतं त्यांच्याशी बोलायचं बंधन त्यांच्यावर नव्हतं. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या बुडायची इतर कारणंही होती, जुनी यंत्रं आणि जमिनींचे भाव त्यांत आले. तरी "त्यांना मान्यता नाही, भेटू नका" हा सल्ला देताना मी दहा वेळा विचार करतो. मान्यता नसलेल्या नेत्याच्या मागे फाटकावर किती माणसं थांबतात, हे मोजून या असं एचआरला सांगतो.

पायरी आठवी: फी, गुप्तता आणि स्वतःचं ऑफिस

महिन्याचा रिटेनर (ठरलेली ठोक फी) घेतलात तर त्यात काय बसतं ते लिहून द्या: किती पत्रं, किती मीटिंगा, कोर्टाच्या तारखा वेगळ्या की आत. न लिहिलेल्या रिटेनरमध्ये मालकाच्या मेहुण्याचा भाडेकरूचा वादही येतो. ज्या चौकशीत तुम्ही चौकशी अधिकारी होतात, तिचं वकीलपत्र पुढे घेऊ नका, कारण तुम्ही तिथे साक्षीदार होऊ शकता. चेंबर सोडून स्वतंत्र झाल्यावर सीनियरच्या क्लायंटविरुद्ध उभं राहण्याआधी, त्याच्या कोणत्या फाइली तुम्ही हाताळल्या होत्या ते आठवा.

जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांची बंदी आहे. कामं येतात ती एचआर मॅनेजरांमधून. ते कंपन्या बदलतात आणि वकिलाचा नंबर सोबत नेतात. सुरुवातीची कामं बीकेसीतल्या काचेच्या इमारतींमधून येतील असं धरून चालू नका. वसईचं इंजिनिअरिंग युनिट, तळोज्याचा केमिकलवाला, डोंबिवलीचं नर्सिंग होम, दादरचं साड्यांचं दुकान, इथून सुरुवात होते. या लोकांकडे एचआर खातं नसतं, मुनीम किंवा मालकाचा मुलगा सगळं बघतो. हजेरीपट आणि पगारपत्रकं स्वतः जाऊन बघा, कारण कोर्टात तीच मागवली जाणार असतात.

पुढे कंपनीत पूर्णवेळ नोकरी घ्यावीशी वाटेल. पगार ठरलेला, शनिवार-रविवार मोकळा, बरेच जण जातात. मग सनद स्थगित करावी लागते, कारण पगारी पूर्णवेळ नोकर असताना वकिली करता येत नाही. यातला एक धोका क्लायंट आणि वकील दोघांच्याही लक्षात येत नाही. वकील-पक्षकार संवादाला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चं जे संरक्षण आहे ते नोकरीतल्या इन-हाउस वकिलाला मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ ला सांगितलं. त्यामुळे कपातीच्या योजनेवरचं किंवा एखाद्या तक्रारीतल्या धोक्याचं मोकळंढाकळं मत ईमेलवर लिहिण्याआधी थांबा, आणि ते बाहेरच्या प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाकडून मागवा. नोकरी सोडून परत यायचं ठरलं तर सनद पुन्हा सुरू करण्याचा अर्ज कौन्सिलकडे द्यावा लागतो. तो मंजूर होईपर्यंत कोणाच्याही वकालतनाम्यावर सही करू नका.